समुद्र फुकट, किनारा महाग

ऑक्टोबरातली संध्याकाळ. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लेफ्कादा गाव. गावाच्या धक्क्याला शिडाच्या नौका एकमेकींना खेटून, पाठ धक्क्याकडे आणि नाक समुद्राकडे करून ओळीने उभ्या आहेत. मधे रबरी फुगे अडकवलेले, म्हणून एकीचे अंग दुसरीवर घासत नाही. एका नौकेच्या कठड्यावर चादर वाळते आहे. शेजारच्या नौकेत मागच्या बाकावर बसून साठीतली एक बाई बटाटे सोलते आहे. धक्क्यावर फिरायला आलेले पर्यटक क्षणभर थांबतात, आत डोकावतात आणि एकमेकांना म्हणतात, "काय मजा आहे ह्यांची! भाडे नाही, वीजबिल नाही, कटकट नाही."

हे वाक्य या धक्क्याने कितीतरी भाषांत ऐकले असेल. आपल्यालाही ते पटकन पटते. निळे पाणी, पांढरे शीड, पहाटे डोळा उघडावा तो नव्या खाडीत. अशा जगण्याला खर्च तो काय असणार? पण बटाटे सोलणाऱ्या त्या बाईच्या शेजारी बहुधा एक वही पडलेली असते. पाणी किती उरले, बॅटरी किती भरली, गॅसचा सिलिंडर कधी बदलला, काल धक्क्याचे किती द्यावे लागले, सगळे त्या वहीत. आपण आज ती वही चाळायची आहे.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. मोनॅकोच्या बंदरात उभी असलेली कोट्यधीशांची तरंगती राजवाडे म्हणजे भूमध्यसमुद्र नव्हे. स्पेनपासून तुर्कस्तानापर्यंत अशी असंख्य साधी माणसे वर्षाचा मोठा भाग नौकेवर काढतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, कारखान्यातले तंत्रज्ञ. डच, जर्मन, इंग्रज, स्वीडिश, ऑस्ट्रेलियन. घर विकून किंवा भाड्याने देऊन त्यांनी जुनी नौका घेतलेली असते आणि निवृत्तिवेतनात महिना भागवायचा असतो.

हिशेब नीट कळावा म्हणून असे एक डच जोडपे डोळ्यांसमोर आणू. नौका ११ मीटर, म्हणजे ३६ फूट लांब आणि पंचवीस वर्षे जुनी. आत बसायची जागा आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच खोलीत, झोपायला दोन चिंचोळ्या खोल्या, एक संडास-न्हाणीघर. चाळीतल्या दोन खोल्यांचा संसार म्हणा ना, फक्त तो हलतो.

नांगर टाकला की भाडे शून्य

घरखर्चात आपल्याकडे पहिली ओळ भाड्याची किंवा कर्जाच्या हप्त्याची. नौकेवर पहिली ओळ 'रात्र कुठे काढली' याची. आणि गंमत अशी की ही ओळ शून्यापासून शंभर युरोंच्या पुढे कुठेही जाऊ शकते. (एका युरोचे साधारण शंभर रुपये धरले की हिशेब सोपा होतो.)

शांत खाडीत पाच-सहा मीटर पाण्यात नांगर टाकला, खोलीच्या चार-पाचपट साखळी सोडली, नांगर वाळूत रुतला याची खात्री केली की झाले. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे कोणी मागत नाही. छोट्या ग्रीक गावाच्या धक्क्याला दोर बांधला तर दहा-पंधरा युरोंच्या आत-बाहेर काम भागते. भूमध्यसमुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे नौकेची पाठ धक्क्याला लावून एक फळी टाकली की बाजारहाटाला उतरता येते. आपल्या कोकणच्या बंदरासारखी सहा तासांनी ती फळी उभी होत नाही. काही ठिकाणी खाणावळवाल्यांनी स्वतःचे छोटे धक्के बांधले आहेत. तिथे बांधणावळ फुकट, पण रात्रीचे जेवण त्यांच्याकडे घ्यायचे असा अलिखित करार. दोघांच्या जेवणाचे बिल आले की कळते, फुकट काहीच नव्हते.

आणि मग मरीना. म्हणजे नौकांसाठी बांधलेले, वीज, पाणी, न्हाणीघरे असलेले बंदर. माल्योर्का, इबिझा किंवा क्रोएशियाच्या गजबजलेल्या भागात ऑगस्टमध्ये मध्यम नौकेला एका रात्रीचे शंभर युरो वा अधिक पडले तर कोणाला नवल वाटत नाही. दहा हजार रुपये, एका रात्रीचे, तेही स्वतःच्याच पलंगावर झोपण्याचे!

म्हणजे घर तेच, माणसे तीच, पण किनाऱ्याच्या किती जवळ जायचे त्यावर भाडे ठरते. नौकेवरच्या अर्थशास्त्राचा पहिला नियम हाच: समुद्र पैसे मागत नाही, किनारा मागतो. मात्र समुद्र दुसरे काहीतरी मागतो, ते म्हणजे जागरण. खाडीत फुकट काढलेल्या रात्री वारा फिरला तर दोन वाजता उठून नांगर सरकतो आहे का ते पाहायला लागते. मरीनात शंभर युरो मोजणारा खरे तर झोप विकत घेत असतो.

फुकटची जागाही आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ साली पॉसिडोनिया या समुद्री गवताच्या कुरणांवर नांगर टाकायला बंदी घातली. ते योग्यच होते; हे गवत माशांच्या पिल्लांना आसरा देते, वाळू धरून ठेवते, आणि नांगराने ते मुळासकट उपटले जाते. क्रोएशियात कित्येक खाड्यांत बोये टाकले आहेत. नौका त्यांना बांधायची आणि पैसे मोजायचे. ग्रीसने २०१९ पासून नौकांवर पर्यटन कर लावला. लहान नौकांना ठरावीक रक्कम, पण १२ मीटरच्या वर गेलेल्या नौकेला पहिल्या मीटरपासून दर मीटरमागे महिना ८ युरो असा दर ठरला. म्हणजे साडेबारा मीटरच्या नौकेला महिना १०० युरो. ११ मीटरची नौका निवडताना आपल्या डच जोडप्याने दिवाणखाना थोडा लहान का घेतला, ते आता लक्षात येईल.

तीनशे लिटरचा संसार

दुसरी ओळ पाण्याची. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. दोघांचे २७० झाले. ह्या जोडप्याच्या टाकीत मावते सारे ३०० लिटर. घरातल्यासारखे नळ सोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची पंचाईत. म्हणून दोघांत मिळून दिवसाला तीस-चाळीस लिटरांवर भागवायचे. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी आणि मागच्या पायरीवर दोन तांबे गोडे पाणी. ज्यांनी दुष्काळी गावात किंवा टँकरच्या रांगेत दिवस काढले आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. नवल एवढेच की इथे चहूकडे पाणीच पाणी असते.

खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र मिळते. ते पाणी जोराच्या दाबाने एका बारीक पडद्यातून ढकलते आणि मीठ मागे ठेवते. पण त्याला हजारो युरो पडतात, वर वीज लागते, आणि पडदा बिघडला की पुन्हा खर्च. अनेकांना किनाऱ्यावरच्या नळाशी कॅन भरून छोट्या रबरी होडीने आणणेच परवडते. पैसे वाचतात, पाठ दुखते.

विजेचे तसेच. छपरावर सौर तावदाने, पोटात बॅटऱ्या. भूमध्यसमुद्रात उन्हाळाभर ऊन भरपूर, त्यामुळे वीज जवळजवळ फुकट. पण ढगाळ दिवस आला की घरात सर्वांत खादाड पाहुणा कोण ते कळते: फ्रिज. दिवे, मोबाईल, पंखा यांचे फारसे काही नसते; फ्रिज मात्र रात्रंदिवस खातो. म्हणून सप्टेंबरनंतर वहीत 'फ्रिज बंद' अशा नोंदी दिसायला लागतात.

स्वयंपाकाचा गॅस हा वेगळाच विषय. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. तिकडे नौकांवर निळ्या रंगाचा कॅम्पिंग गॅझचा जो सिलिंडर सर्रास दिसतो त्यात मावतो अवघा २.७५ किलो गॅस, म्हणजे आपल्या पाचव्या हिश्श्याहून कमी. त्यात देश बदलला की जोडणी बदलते. इटलीचा सिलिंडर तुर्कस्तानात भरून मिळेलच असे नाही. यावर नौकेवरच्या मंडळींनी शोधलेला उपाय वाचून आपल्या गृहिणींना बरे वाटेल: प्रेशर कुकर! गॅस वाचतो, पाणी वाचते आणि झाकण पक्के बसत असल्याने लाट आली तरी आमटी जमिनीवर सांडत नाही.

बाजार स्थानिक, हिशेब स्थानिक

खाण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या जिभेवर. ग्रीक गावांत आठवड्याचा रस्त्यावरचा बाजार भरतो, त्याला 'लाइकी' म्हणतात. तुर्कस्तानात त्याचे नाव 'पाझार'. टोमॅटो, वांगी, लिंबे, ऑलिव्ह, मसूर, छोले, ताजे चीज. गावकरी जे घेतात तेच घेतले तर पोट स्वस्तात भरते. आपल्या आठवडी बाजारासारखेच इथेही बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात, आणि नौकेवरच्या लोकांना ते चांगले ठाऊक असते. लेफ्कादा बेट रस्त्याने मुख्य भूमीला जोडलेले असल्याने भाव बरे असतात. जिथे प्रत्येक गोष्ट फेरीबोटीतून यावी लागते त्या लहान बेटांवर त्याच वस्तू महाग.

डिझेल मात्र कोणाच्या जिभेवर नसते, वाऱ्यावर असते. भूमध्यसमुद्रात एक तर वारा फार असतो नाही तर मुळीच नसतो, अशी दर्यावर्दींची जुनी तक्रार आहे. वारा पडला की इंजिन. ताशी ९-१० किलोमीटर वेगासाठी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते. ज्याला घाई आहे त्याला महाग, ज्याला नाही त्याला स्वस्त. मंगळवारी निघायचे ठरले आणि वारा गुरुवारी आला तर गुरुवारी निघावे. दोन दिवस थांबण्याची किंमत शून्य. मात्र मुलगी विमानाने दुसऱ्या बेटावर येणार असली की वाऱ्याची वाट पाहता येत नाही. हा खर्च वहीत 'डिझेल' म्हणून लिहिला जातो, खरे तर तो मायेचा असतो.

नौका खाते ते

आतापर्यंतच्या खर्चात माणसांना काटकसर करता आली. आता नौकेचा खर्च, आणि इथे काटकसर चालत नाही. तळाला शेवाळ आणि शिंपले चढतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी नौका क्रेनने उचलून किनाऱ्यावर ठेवायची, तळ खरवडायचा, तांब्याचा अंश असलेला खास रंग द्यायचा. खाली पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारे पाणी आधी त्याला खाते, म्हणून पंखा वाचतो. घरात सगळ्यांसाठी झिजणारे एखादे माणूस असते ना, तसा तो तुकडा. झिजला की नवा लावायचा. शिडे उन्हाने जिरतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. नाहीतर विमा कंपनी तोंड फिरवते. आणि विम्याशिवाय तिथली बंदरे आत घेत नाहीत.

नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला जाते, असा या लोकांत एक ठोकताळा आहे. ५० हजार युरोंच्या नौकेला वर्षाला पाच हजार. पण त्यात एक मेख आहे. जुनी नौका स्वस्तात मिळाली म्हणून तिची शिडे आणि तारा स्वस्तात मिळत नाहीत. नौका केवढ्याला घेतली हे समुद्राला ठाऊक नसते. पुष्कळांची स्वप्ने फुटतात ती याच खडकावर.

मग सगळे मिळून किती? काटकसरीने राहणाऱ्या जोडप्यांचे हिशेब महिना दीड ते अडीच हजार युरोंच्या आसपास घुटमळताना दिसतात. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल. पण ॲम्स्टरडॅमसारख्या शहरात यातला मोठा वाटा नुसत्या घरभाड्यातच गेला असता. म्हणजे नौकेवरचे आयुष्य फार स्वस्त नाही आणि फार महागही नाही. फरक एवढाच की शहरात खर्च आपोआप होतो; इथे प्रत्येक खर्च हाताने करावा लागतो, आणि जो पैशाने करायचा नसेल तो अंगमेहनतीने.

पासपोर्टाची किंमत

डच जोडप्याच्या शेजारी तशीच ११ मीटरची नौका आहे. तीत एक इंग्रज जोडपे राहते असे समजू. नौका सारखी, पेन्शन सारखे, वही सारखी. तरी त्यांच्या वहीत एक जास्तीची ओळ आहे, दिवसांची.

युरोपची सहल केलेल्यांना शेंगेन व्हिसा परिचयाचा आहे. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा तो नियम. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून इंग्रजांनाही तो लागू झाला. त्याआधी वर्षानुवर्षे ग्रीसमध्ये नौकेवर राहणारी माणसे एका रात्रीत पाहुणी झाली. पूर्वी उत्तरेला सरकून क्रोएशियात दिवस काढता येत; १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशियाही शेंगेनमध्ये गेला. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरोपच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन ही मोजणी यंत्राने करायला सुरुवात झाली. शिक्का पुसट उमटला म्हणून चार दिवस जास्त मिळण्याचा काळ संपला.

मग काय करायचे? कॉर्फू बेटाच्या समोर अल्बेनियाचे सारांडा दिसते, तिथे जायचे. नाहीतर पूर्वेला तुर्कस्तान. पण प्रत्येक वेळी बंदराची कागदपत्रे, दलालाची फी, डिझेल. आणि स्वस्ताई म्हणून ज्या तुर्कस्तानाची ख्याती होती तिथे महागाईचा वार्षिक दर २०२२ च्या ऑक्टोबरात ८५ टक्क्यांवर गेला होता. मरीनांचे दरही चढले. युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांच्या नौकेला आणखी एक घड्याळ लागू आहे. व्हॅट न भरलेली अशी नौका संघाच्या पाण्यात १८ महिने करमुक्त राहू शकते, मग बाहेर जाऊन यावे लागते. चुकले तर ग्रीसमध्ये व्हॅटचा दर २४ टक्के आहे.

सीमा नसलेला समुद्र ही कल्पना चित्रात छान दिसते. वहीत मात्र समुद्रावरही रेघा असतात, आणि कोणत्या रेघेच्या आत किती दिवस राहायचे ते जन्माच्या दाखल्यावर ठरते.

हिवाळ्याचे शेजार

आपल्याकडे जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात, झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. तिकडे हीच गोष्ट उलट्या ऋतूत घडते. ऑक्टोबरनंतर वादळे सुरू होतात. बरेच जण नौका उचलून ठेवतात. लेफ्कादाजवळ प्रेवेझाच्या समोर, आक्तिओच्या किनाऱ्यावर, जिथे इ. स. पू. ३१ मध्ये अँटनी आणि क्लिओपात्राच्या आरमाराचा पराभव झाला, तिथे आज नौकांची मोठी तळे आहेत. डोलकाठ्यांचे जंगलच उभे असते.

जे नौकेवरच राहतात ते सिसिलीतल्या मरीना दि रागुसा किंवा लिकातासारख्या, नाहीतर तुर्कस्तानातल्या फिनिकेसारख्या ठिकाणी हिवाळ्याचा ठोक करार करतात. ऑगस्टच्या मानाने हे दर कितीतरी कमी. पण विजेचे मीटर फिरत असते, कारण बाहेर पाऊस, आत ओल. माणसांच्या श्वासाची वाफ गार छतावर जमून उशीवर ठिबकते. गाद्यांखाली बुरशी धरते. जाहिरातीतल्या छायाचित्रात हे कधी दिसत नाही.

पण याच दिवसांत एक असा व्यवहार चालतो की ज्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. सकाळी वायरलेसवर सगळ्या नौका एकमेकींना हाक मारतात. कोणाला पान्हा हवा आहे, कोणाकडे वाचून झालेली पुस्तके आहेत, कोणाला डॉक्टरकडे जायला भाषा येणारे माणूस हवे. एक जण इंजिन दुरुस्त करून देतो, त्याचे फाटलेले शीड दुसरी शिवून देते, तिसरी सगळ्यांचे केस कापते. बिल कोणी करत नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. हे शेजार नसते तर दीड-अडीच हजारांत महिना भागला नसता.

वहीबाहेरचा खर्च

तरी एक खर्च राहतोच. सगळ्यांत मोठा, आणि तो शेवटी येतो. घर विकून समुद्रावर आलेल्या माणसाच्या मागे शहरातल्या घरांच्या किमती थांबून राहत नाहीत. नौकेची किंमत मात्र वर्षागणिक उतरते. दहा वर्षांनी गुडघा बोलू लागतो, फळीवरून चालताना हात आधार शोधतो, रात्री दोनला नांगर पाहायला उठवत नाही. म्हणजे पैशाऐवजी ज्या अंगमेहनतीने आणि जागरणाने आजवर बिले चुकवली, तेच नाणे संपत येते. मग मरीनाच्या रात्री वाढतात, कामाला माणूस बोलवावा लागतो. खर्च नेमका तेव्हा वाढतो जेव्हा परतीसाठी पैसा हवा असतो. नौकांच्या तळावर कोपऱ्यात काही नौका दिसतात. भोवती गवत वाढलेले, कठड्यावर 'विकणे आहे' ची उन्हाने विटलेली पाटी. मालक कुठल्याशा उत्तरेकडच्या गावात मुलीच्या घरी, आणि इथे जागेचे भाडे महिन्याला चालूच.

म्हणून जी शहाणी जोडपी आहेत ती वहीच्या शेवटच्या पानावर सुरुवातीपासूनच एक रक्कम लिहून ठेवतात, तिला हात लावत नाहीत. ती परतीची रक्कम. एखादी छोटी खोली, नातवंडांच्या गावाजवळ. ही ओळ ज्यांच्या वहीत आहे ते समुद्रावर मोकळे असतात. ज्यांच्या वहीत नाही ते समुद्रावर अडकलेले असतात. धक्क्यावरून पाहणाऱ्याला मात्र दोघेही सारखेच दिसतात.

लेफ्कादाच्या धक्क्यावर आता अंधार पडला आहे. पर्यटक पुढे सरकले. बटाटे शिजले, कुकर उतरला, वही मिटली. वारा थोडा फिरल्यासारखा वाटतो. बाई उठते, धक्क्याकडचा दोर हाताने चाचपून पाहते, वीतभर ताणून पुन्हा बांधते आणि मग आत जेवायला जाते.